नोकरी करता करता डिस्टन्सने एमबीए: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत स्टोअर आणि डिस्पॅच बघते. बीकॉमनंतर अकरा वर्षांनी डिस्टन्सने एमबीएला अ‍ॅडमिशन घेतली, मधे एकदा सोडून द्यायची वेळ आली होती पण साडेतीन वर्षांत पूर्ण केलं. तेव्हापासून ऑफिसमधली पोरं, सोसायटीतल्या वहिनी, माहेरच्या ओळखीतले कुणी ना कुणी फोन करून विचारत असतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. माझं विद्यापीठ कुठलं ते इथे लिहीत नाही, कारण मग लोक फक्त तेवढंच वाचतात आणि तिथेच फॉर्म भरतात, आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

डिस्टन्सच्या एमबीएला खरंच व्हॅल्यू असते का हो? की नुसता कागद?

नियमाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठातून डिस्टन्सने किंवा ऑनलाइन केलेली पदवी ही कॉलेजात जाऊन केलेल्या त्याच पदवीच्या बरोबरीची धरायची. त्यामुळे सरकारी नोकरीत जिथे 'कुठल्याही शाखेची पदवी' किंवा 'एमबीए' लिहिलेलं असतं तिथे मान्यता असलेली डिस्टन्सची पदवी चालते. आणि ही पद्धत काही कालपरवाची नाही, दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण १९६२ ला सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ ला, देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ ला आंध्रात निघालं आणि १९८५ ला इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी बँकवाले, शिक्षक, पोलिस असेच शिकलेत.

प्रायव्हेट कंपनीत मात्र कागदाला थेट पैसे मिळत नाहीत. तुम्ही आधीपासून कामावर असाल आणि वरच्या जागेसाठी 'एमबीए पाहिजे' अशी अट आडवी येत असेल तर ही पदवी तो अडसर काढते. कामाचा अनुभव शून्य आणि डिस्टन्सचं एमबीए असेल तर मुलाखतीत अवघड जातं, हे मी स्वतः आमच्याकडच्या मुलाखतींत बसून पाहिलंय. म्हणून बावीस वर्षांच्या मुलांना मी नेहमी सांगते, आधी कुठेतरी चिकटा, अगदी साध्या जागेवर चालेल, आणि मग शिका.

डिग्रीवर 'डिस्टन्स' असं लिहिलेलं असतं का?

हो, २०२० च्या यूजीसी नियमांनुसार शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची आणि पूर्ण केल्याची तारीख, अभ्यासकेंद्र हा तपशील सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला छापायचा असतो. लपवायचं काहीच कारण नाही. बायोडेटात सरळ लिहा, 'नोकरी करत दूरशिक्षणाने'. आमच्या एचआर मॅडमनी तर तेच वाचून मला विचारलं होतं की दोन्ही कसं जमवलंत, आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

मान्यता आहे की नाही ते कसं बघायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक तो फी भरून झाल्यावर विचारतात. अ‍ॅडमिशनच्या आधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या साइटवर जा, तिथे विद्यापीठांची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका, तुमचा कोर्स त्या नावापुढे आहे का आणि तुम्ही ज्या सत्रात अ‍ॅडमिशन घेताय त्या सत्राला परवानगी आहे का हे दोन्ही बघा. परवानगी विद्यापीठाला सरसकट कायमची नसते, कोर्सनुसार आणि वर्षानुसार असते. एकाच विद्यापीठाचं बीकॉम यादीत असेल आणि एमबीए नसेल असं होऊ शकतं. मॅनेजमेंटच्या कोर्सला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का तेही तपासा.

काही खुणा सांगते ज्या दिसल्या की मागे फिरायचं. 'एका वर्षात पदवी', 'मागच्या तारखेने अ‍ॅडमिशन', 'परीक्षा घरी बसून पुस्तक उघडून', हे सगळं बोगस. एमबीएला किमान दोन वर्षं लागतात म्हणजे लागतात. कुणी जाहिरातीत 'डीईसी मान्यताप्राप्त' लिहिलं असेल तर लक्षात ठेवा की डीईसी म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल ही संस्था २०१३ मध्येच बंद झाली, तेव्हापासून काम यूजीसीकडे आहे. आणि परराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाचं 'अधिकृत सेंटर' म्हणून गल्लीतल्या क्लासवाल्याने बोर्ड लावला असेल तर आधी चौकशी करा, कारण फ्रँचायझी देऊन केंद्र चालवायला नियमात बंदी आहे आणि राज्य विद्यापीठांना डिस्टन्ससाठी आपली हद्द ओलांडता येत नाही. ऑनलाइन कोर्सला हद्दीचा नियम नाही, तिथे देशभर कुठूनही प्रवेश घेता येतो.

हे मी एवढं ताणून का सांगते तर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी परवानगी न घेता डिस्टन्सने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांबाबत निकाल दिला, त्यात कित्येकांच्या पदव्या अडकल्या, नोकरीला लागून वर्षं झालेली माणसं होती ती. अर्धा तास साइट बघण्यात घालवा, फी भरायच्या आधी.

डिस्टन्स आणि ऑनलाइन एकच ना?

नाही. डिस्टन्समध्ये पुस्तकं घरी येतात, अभ्यासकेंद्र असतं, शनिवार-रविवारी संमंत्रणाचे, म्हणजे शिकवण्याचे आणि शंका विचारण्याचे तास असतात, पेपर केंद्रावर जाऊन लिहायचा. ऑनलाइनमध्ये लेक्चरपासून सगळं स्क्रीनवर. पदवीची किंमत सारखीच. ज्यांना घरात शांतपणे लॅपटॉपसमोर बसता येतं त्यांनी ऑनलाइन बघावं. मला पुस्तक लागतं, पेन्सिलने खुणा केल्याशिवाय डोक्यात जात नाही, म्हणून मी डिस्टन्स घेतलं.

अजून एक, पीजीडीबीए किंवा पीजीडीएम हे डिप्लोमे आहेत, एमबीए ही पदवी आहे. डिप्लोमा वाईट असं नाही पण पुढे पीएचडी, प्राध्यापकी किंवा सरकारी जाहिरात डोक्यात असेल तर पदवीच घ्या.

मग कुठे घेऊ अ‍ॅडमिशन?

नाव घेऊन एकच सांगणार नाही पण महाराष्ट्रातल्या माणसाने या तीन ठिकाणी तरी आधी बघावं. इग्नू, त्यांची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत, गोव्यात पणजीला आहे. दुसरं आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ साली सुरू झालेलं, गंगापूर धरणाच्या बाजूला, त्यांचं 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद सगळ्यांना माहीतच असेल, त्यांची केंद्रं अगदी तालुक्यात पण सापडतात. तिसरं मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण, ज्याला सगळे अजून आयडॉलच म्हणतात. त्यानंतर खासगी अभिमत विद्यापीठं, तिथे अ‍ॅप, लेक्चर, फोन उचलणारी माणसं हे सगळं जरा बरं असतं पण फी पण तशी असते.

निवडताना मी एक गोष्ट सगळ्यात वर ठेवीन: केंद्र घरापासून किती लांब आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण असाइनमेंट जमा करायला, पेपर द्यायला, प्रोजेक्टची सही घ्यायला तिथेच जायचं असतं, आणि रविवारी दोन बस बदलून जाणारा माणूस दुसऱ्या महिन्यात जायचा थांबतो.

माझी बारावी झालीय, डायरेक्ट एमबीए होईल?

नाही. आधी पदवी, बीबीए किंवा बीकॉम करा, तीही डिस्टन्सने होते. एमबीएला पदवी लागते, उदाहरणार्थ इग्नूला पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. पदवी कुठल्या शाखेची ते बघत नाहीत, आमच्या बॅचला एक बीए मराठी झालेली मुलगी होती आणि एक बीएस्सी अ‍ॅग्री. मधे किती वर्षं गॅप आहे तेही कुणी विचारत नाही.

डीईबी आयडी काय असतो? फॉर्म तिथेच अडकलाय.

हा डीईबीच्या पोर्टलवर मिळणारा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, २०२४ पासून डिस्टन्स-ऑनलाइनला प्रवेश घेताना तो लागतो. आधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे आपल्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर) काढायचा, मग त्यावरून डीईबीच्या पोर्टलवर हा आयडी. पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका.

अडकतं कुठे, तर नावात. आणि हे बायकांच्या बाबतीत जास्त होतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव, वडिलांचं नाव मधे, आणि आधारवर सासरचं. माझ्या जावेचं तर नावच बदललेलं लग्नात. आधार एक सांगतं, मार्कशीट दुसरं. अशा वेळी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ पाहिजे, आणि नाव कायमचं बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रातली नोंद. हे कागद काढायला वेळ जातो, म्हणून अ‍ॅडमिशन सुरू व्हायची वाट बघू नका, आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून स्पेलिंग एक एक अक्षर ताडून बघा. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला, शेवटची तारीख बऱ्याचदा वाढवतात पण त्या भरवशावर राहू नका.

खर्च किती?

मुक्त विद्यापीठात पूर्ण एमबीएचा खर्च खासगी कॉलेजच्या एका वर्षाच्या फीपेक्षाही बऱ्यापैकी कमी येतो, आणि सेमिस्टर किंवा वर्षाप्रमाणे भरता येतो. नक्की आकडा त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा कारण बदलत राहतो. परीक्षेची फी पेपरमागे वेगळी, प्रोजेक्टचं टायपिंग-बाइंडिंग वेगळं, जाणं-येणं वेगळं, हे धरून ठेवा. शैक्षणिक कर्ज काढलं आणि जुन्या कर पद्धतीत असाल तर व्याजावर आयकरात वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत. कंपनीत एकदा विचारून बघा, काही ठिकाणी फी परत द्यायची पॉलिसी असते आणि कुणाला माहीतच नसतं.

नोकरी आणि घर सांभाळून वेळ कसा काढायचा?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण लोक इथेच सोडतात.

आधी आकडा बघू. मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरतात. इग्नूच्या एमबीएला पहिल्या सेमिस्टरला सात पेपर, प्रत्येक चार क्रेडिटचा, म्हणजे एका पेपरला १२० तास आणि सातांना ८४०. सहा महिन्यांत ८४० तास म्हणजे रोजचे साडेचार तासाच्या वर, रविवार धरून. आता सांगा, आठ तासांची शिफ्ट, जाण्या-येण्याचा दीड तास, दोन पोरं, त्यात हे कुठे बसणार? नाही बसत. आणि मग माणसाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही, बाकीचे करतात. तसं नाहीये, हिशोबच तसा आहे.

म्हणून उपाय असा की दोन वर्षांचा हट्ट सोडा. इग्नूच्या एमबीएला कमाल मुदत चार वर्षांची आहे. सातपैकी चार पेपर नीट अभ्यास करून द्या, तीन पुढच्या वेळेला ठेवा. मी पहिल्या वेळेला सगळे एकदम दिले आणि तीनच सुटले, नंतर चार-चार करत गेले तेव्हा गाडी रुळावर आली. पेपर राहिला म्हणजे नापास असं मनाला लावून घेऊ नका, इथे ते वेळेचं नियोजन आहे.

माझा वेळ पहाटेचा होता. आमच्याकडे पाच वाजता नळाला पाणी यायचं, मी पावणेपाचला उठायचे, पिंप लावून ओट्याशेजारी स्टूल घेऊन बसायचे, पिंप भरेपर्यंत चार पानं व्हायची, मग गॅसवर कुकर आणि हातात पुस्तक, सात दहाला कंपनीची बस. बसमध्ये वाचन होत नाही, मला मळमळतं, म्हणून आदल्या रात्री मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात व्याख्या रेकॉर्ड करून ठेवायचे आणि बसमध्ये ऐकायचे. सगळं मिळून रोजचा दीड तास आणि रविवारचे चार. तेवढ्यात चार पेपर निघतात.

आणि घरच्यांना आधी सांगा. 'मला चार वर्षं रविवार दुपार पाहिजे' असं स्पष्ट सांगा. माझ्या सासूबाई पहिल्या महिन्यात म्हणाल्या, "अगं, आता कशाला एवढा त्रास करून घेतेस?" मी त्यांना पुस्तकाच्या मागचे प्रश्न दिले आणि म्हटलं, आई, तुम्ही मला विचारा, मी उत्तरं देते. त्या सातवी शिकलेल्या आहेत. दुसऱ्या सेमिस्टरला त्याच मला म्हणत होत्या, आज विचारायचे राहिले तुला.

असाइनमेंट केल्या नाहीत तर चालतात का?

नाही चालत. इग्नूच्या एमबीएला असाइनमेंटला ३० टक्के आणि अंतिम परीक्षेला ७० टक्के वजन आहे, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. बाकीच्या विद्यापीठांत टक्के वेगळे असतील पण तत्त्व तेच. असाइनमेंट स्वतःच्या हाताने लिहायच्या. बाजारात तयार 'सोडवलेल्या' मिळतात, त्या घेऊ नका. एक तर शंभर जणांची तीच उत्तरं असतात आणि तपासणाऱ्याला कळतं, आणि दुसरं म्हणजे असाइनमेंट लिहिणं हाच अर्धा अभ्यास आहे, तो विकत घेतला तर परीक्षेत हात चालत नाही.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते ऐका. दुसऱ्या सेमिस्टरच्या तीन असाइनमेंट मी केंद्रावर दिल्या, काउंटरवर गर्दी होती, त्यांनी गठ्ठ्यावर ठेवायला सांगितल्या आणि मी ठेवून आले. निकालात तिन्हींचे मार्क कोरे. केंद्रावर गेले तर तिथले दादा शांतपणे म्हणाले, "ताई, पावती दाखवा." पावती नव्हती. झेरॉक्स पण नव्हती. तिन्ही परत लिहिल्या, सुमारे साठ पानं, आणि सहा महिने गेले. हीच ती वेळ जेव्हा मी सोडणार होते. त्यानंतर नियम केला: जमा करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो, वर एनरोलमेंट नंबर दिसेल असा, पावतीवर शिक्का आणि तारीख, ऑनलाइन अपलोड असेल तर शेवटचा स्क्रीनशॉट. एका पिवळ्या फाईलमध्ये सगळं. ती फाईल पुढे तीनदा कामी आली.

गणित कच्चं आहे, अकाउंट्सची भीती वाटते.

आर्ट्सवाल्यांचा हा हमखास प्रश्न. मॅनेजमेंट अकाउंटिंगमधलं गणित बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराच्या पुढे फारसं जात नाही, गोंधळ शब्दांचा असतो. ब्रेक-इव्हन पॉइंट घ्या. पुस्तकात अर्धं पान व्याख्या आहे. मी ते आमच्या कंपनीच्या गेटवरच्या वडापावच्या गाडीवर समजून घेतलं.

समजा गाडीचं भाडं महिन्याला ६,००० आणि हाताखालच्या पोराचा पगार १२,०००. वडापाव विका न विका, हे १८,००० जाणारच, हा फिक्स्ड कॉस्ट. एक वडापाव २० रुपयाला. त्यात बटाटा, बेसन, पाव, तेल, गॅस, कागद मिळून ११ रुपये, हा व्हेरिएबल कॉस्ट. म्हणजे प्रत्येक वडापावामागे ९ रुपये उरतात, पण हा नफा नाही अजून, हे ९ रुपये आधी ते १८,००० फेडायला जातात, याला काँट्रिब्युशन म्हणतात. १८,००० भागिले ९, म्हणजे २,०००. महिन्यात २५ दिवस गाडी लागली तर रोजचे ८० वडापाव विकले की ना नफा ना तोटा. ८१ वा वडापाव हा पहिला कमाईचा.

आता तेल महागलं आणि ११ चे १२ झाले. फक्त एक रुपया. काँट्रिब्युशन ८ वर आलं, १८,००० भागिले ८ म्हणजे २,२५०, रोजचे ९०. एका रुपयाने रोजचे दहा वडापाव जास्त विकावे लागतात तेव्हा कुठे माणूस होता तिथे येतो. हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवसापासून आमचे साहेब एका स्क्रूच्या पंचवीस पैशांवरून पुरवठादाराशी का भांडतात ते कळलं. अशी उदाहरणं स्वतःच्या आजूबाजूची शोधा, किराणा दुकान, रिक्षा, डेअरी, काहीही. परीक्षेत सूत्र विसरलात तरी वडापाव आठवतो.

माझं सगळं शिक्षण मराठीत झालंय. इंग्रजी झेपेल का?

झेपेल, फक्त पहिले दोन-तीन महिने त्रास होतो. पुस्तकांची भाषा कादंबरीसारखी नसते, तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. एक वही करा, शब्द, त्याचा मराठीत अर्थ आणि कामावरचं एक उदाहरण. 'डेलिगेशन' पुढे मी लिहिलं होतं, 'साहेब सुट्टीवर गेले की गेटपासवर माझी सही'. बस, पाठ करावं लागलं नाही. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात, दुसऱ्या विद्यापीठात असाल तरी वाचा, समजावून सांगायची पद्धत चांगली आहे. आणि अ‍ॅडमिशनच्या आधी परीक्षा कुठल्या भाषेत लिहायची परवानगी आहे ते माहितीपत्रकात बघा, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे काही कोर्स मराठीतून आहेत.

पेपर कसा लिहायचा?

मागच्या पाच वर्षांचे पेपर डाउनलोड करा, प्रश्न फिरून येतात हे दिसेल. व्याख्या, मग चार-पाच मुद्दे, मग उदाहरण, जमलं तर एक आकृती. उदाहरण पुस्तकातलं नको. ऑपरेशन्सला मी मुंबईच्या डबेवाल्यांचं लिहिलं, १८९० पासून चाललेलं काम, डब्यावरच्या खुणांवरून स्टेशन आणि इमारत कळते, मधल्या माणसाला मालकाचं नाव माहीत असायची गरजच नाही. एचआरला टाटा स्टीलचं, जमशेदपूरला १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस केला ते. पेपर तीन तासांचा असतो आणि आपली हाताने लिहायची सवय गेलेली असते, म्हणून परीक्षेच्या आधी दोन रविवार घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहा. पहिल्यांदा माझा हात सव्वा तासातच भरून आला होता.

प्रोजेक्टसाठी विषय सुचवा ना.

तुमच्याच कामातला घ्या. लोक 'भारतीय बँकिंग क्षेत्राचा अभ्यास' असलं काहीतरी मोठं घेतात आणि मग इकडून तिकडून उतरवतात, आणि सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, परत येतो. मी आमच्या स्टोअरमधला पडून राहिलेला माल घेतला. सगळ्या आयटमची एबीसी पद्धतीने विभागणी केली, म्हणजे जास्त पैसे अडकवणारे थोडे आयटम ए मध्ये, किरकोळ पण ढीगभर असलेले सी मध्ये, आणि बघितलं तर आम्ही सी वाल्या नट-वॉशरची मोजणी दर आठवड्याला करत होतो आणि महागड्या बेअरिंगची महिन्यातून एकदा. ते उलटं केलं. साहेबांनी प्रोजेक्ट जमा व्हायच्या आधीच ते लागू केलं.

गाईड कोण चालतो, त्याची पात्रता काय लागते ते आधी वाचा, त्याचा सही केलेला बायोडेटा लागतो. कंपनीचं नाव आणि आकडे वापरायला लेखी परवानगी घ्या. सिनॉप्सिस मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून तिसऱ्या सेमिस्टरलाच कामाला लागा.

स्पेशलायझेशन कुठलं चांगलं?

ज्या खात्यात आहात त्याच्या शेजारचं. मी स्टोअरची, ऑपरेशन्स घेतलं. 'स्कोप कशाला' म्हणून फायनान्स घेऊन दोन वर्षं रडलेले लोक मला माहीत आहेत.

प्लेसमेंट मिळतं का?

कॉलेजसारखं नाही. त्या आशेवर अ‍ॅडमिशन घेऊ नका. उपयोग होतो तो बॅचच्या माणसांचा. संमंत्रणाच्या तासाला शेजारी बसलेला माणूस कुठल्या तरी कंपनीत परचेसला असतो, बँकेत असतो. तास ऐच्छिक असले तरी निदान पहिले चार जा, नंबर घ्या.

दुसरा कोर्स चालू असताना हे करता येतं का?

हो, २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीय, एक कॉलेजात जाऊन आणि एक डिस्टन्सने, किंवा दोन्ही डिस्टन्सने. पण वरचा ८४० तासांचा हिशोब परत एकदा वाचा.

पुढे नेट, पीएचडी?

मान्यता असलेल्या एमबीएवर नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा देता येते, मॅनेजमेंटचा विषय क्रमांक १७ आहे. पीएचडी मात्र डिस्टन्सने होत नाही, कुणी देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

मिस्टर दुबईला असतात, ही पदवी तिकडे चालेल का?

कामाच्या ठिकाणी अनुभवासोबत चालून जाते, पण सरकारी समकक्षता लागणार असेल तर ते लोक शिक्षणाची पद्धत विचारतात, डिस्टन्स की हजर राहून, म्हणून फी भरायच्या आधी तिथले नियम बघा. कागदांची साक्षांकनाची पायरी ठरलेली असते. जे देश अपोस्टिल करारात (एकमेकांच्या कागदांवरचा सरकारी शिक्का मान्य करायचा करार) आहेत त्यांना आपल्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल पुरतं, भारत २००५ पासून त्यात आहे. अमिरात त्यात नाही, त्यामुळे दुबईसाठी दूतावासाचा शिक्का पण लागतो. मूळ मार्कशीट प्रत्येक सेमिस्टरची जपून ठेवा, शेवटची एकत्र मार्कशीट मिळाली म्हणून बाकीच्या टाकून देऊ नका.

एक वर्ष काहीच केलं नाही. आता संपलं का सगळं?

बहुतेक नाही. बघायचं एकच, तुमची कमाल मुदत कधी संपते आणि पुढच्या सेमिस्टरचं किंवा वर्षाचं री-रजिस्ट्रेशन केलंय का. हे आपोआप होत नाही, पास व्हा किंवा नापास, फॉर्म भरून फी भरावी लागते आणि त्याची आठवण करायला कुणी फोन करत नाही. माझ्या ओळखीतले जे चार जण मधेच गळाले त्यातले तीन अभ्यासाने नाही, या तारखेने गळाले. परीक्षेचा फॉर्म हा तर आणखी वेगळा. रजिस्ट्रेशन आहे म्हणजे परीक्षेला नाव आहे असं नसतं. विद्यापीठात दिलेला मोबाईल नंबर बदलला असेल तर आजच बदलून घ्या, ओटीपी त्याच नंबरवर येतो.

सगळं पास झाले, पण डिग्री कुठाय?

ती मागावी लागते. शेवटचा निकाल लागला की आधी प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि मार्कशीट, मग दीक्षान्त समारंभाची सूचना निघते तेव्हा वेगळा फॉर्म आणि फी. हजर राहून घ्यायची की पोस्टाने ते त्यात विचारतात. पोस्टाने मागवणार असाल तर पत्ता भाड्याच्या घराचा देऊ नका, आईकडचा किंवा सासरचा द्या, आणि घरात असतील त्यांना सांगून ठेवा की स्पीड पोस्टवाला आला तर दार उघडा. माझं पाकीट एकदा 'दार बंद' म्हणून परत गेलं होतं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी डिस्पॅचला होते, सासूबाईंनी सही करून घेतलं, आणि मी घरी जाईपर्यंत फोडलं नव्हतं.